लिस्बनचं तिकीट आणि आईची म्हैस

मंडळी, पोर्तुगालमधल्या लिस्बनला धाकटी बहीण शिकते. ते जुनं शहर, तिथला समुद्र बघायला चार दिवस आईला घेऊन जायचं चाललंय. व्हिसा आलाय, तिकिटं आज काढायची होती. पण आमची म्हैस आईशिवाय कुणाला धार काढू देत नाही.

म्हणून आज आमच्या गावी, मार्गासनीला, गोठ्यात आमचे वडील अण्णा आईचं लुगडं गुंडाळून धारेला बसले. म्हशीनं हुंगलं, पाय आपटला.

"अण्णा, उठा!" मी ओरडले.

"गप ऱ्हा गं!"

मग चरवीत धार वाजली!

आनंदानं वळले, तर आई दारात. हळूच म्हणाली, "म्हंजी माज्याबिगर बी भागतंय की हितं."

तिकिटं अजून काढली नाहीत. काय बोलू तिला?