अप्पांनी परत दिलेला माईक

अप्पा गेले तेव्हा पहिला फोन मी भावाला नाही केला. निखिलला केला. ज्याने भर कार्यक्रमात माझ्या आईवरून घाण शिवी दिली होती, त्या निखिलला... तो पलीकडे नुसता रडत राहिला आणि तासाभरात दारात उभा होता.

माझे वडील, अप्पा, नोकरी एसटीत करत. पण खरे ते जाखडीचे शाहीर. दाभोळकडच्या आमच्या गावी दोन शाहीर समोरासमोर उभे राहून, आपापल्या बारीला गाण्यातून एकमेकांची सालटी काढायचे, आणि शेवटी गळाभेट. गाणं थांबल्यावरही अप्पांचं तोंड थांबलं नाही. रत्नागिरीत स्टँडअपचे कार्यक्रम सुरू झाले, तसे ते मला घेऊन दुसऱ्या रांगेत बसू लागले. मुंबईहून परतलेला निखिल तेव्हा नवा होता. त्याने कोकणी माणसाच्या आळसावर एक विनोद टाकला, तर अप्पा मोठ्याने म्हणाले, "शिळा आहे रे, मीठ लावून ठेवला होतास काय?" हॉल हसला, निखिलपेक्षा अप्पांना जास्त. मग चेवच आला त्यांना. तिसऱ्या टोमण्याला पोराचा तोल गेला आणि तो ते बोलला. शब्द लिहीत नाही. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मागची चार पोरं बाह्या सरसावून उठली, मोबाइल वर आले. निखिल माईक स्टुलावर टाकून निघाला, तोच अप्पा मंचावर चढले. मला वाटलं, आता हाणतात. आमच्या गावची रीत अशी, की ज्याची जीभ घसरली त्याला हाकलायचं नाही. ज्याला लागलं त्यानेच त्याला पुन्हा उभं करायचं. अप्पांनी माईक उचलून त्याच्या हातात दिला. म्हणाले, "चुकलास मेल्या. माफी माग आणि बारी पुरी कर. आत्ता उतरलास तर परत चढायचा नाहीस."

त्याने हात जोडून माफी मागितली. मग स्वतःवरच काहीबाही बोलला. हसायला फारसं आलं नाही, पण पोरं खाली बसली.

रिक्षात मी अप्पांवर तुटून पडले. तुमच्या बायकोला बोलला तो, आणि तुम्ही माईक देता? ते म्हणाले, "डिवचला मीच. ती असती तर आधी मला झापलं असतं..." खरंच झापलं असतं. तरी माझा राग पुष्कळ दिवस गेला नाही. निखिल मात्र दर रविवारी घरी येऊन नवे विनोद अप्पांपुढे मांडायचा, अप्पा निम्मे फेकून द्यायचे, आणि चहा करता करता कधी तो मला धाकट्या भावासारखा वाटू लागला, कळलंच नाही. अप्पांनी मला तो राग जन्मभर वागवू दिला नाही, याचे उपकार कसे फेडू?

गेल्या आठवड्यात त्याचा कार्यक्रम होता. त्याने मला फुकटचा पास देऊन दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. एक विनोद सपशेल पडला. तो सवयीने दुसऱ्या रांगेकडे पाहून थबकला. आणि मी, जन्मात कधी चारचौघांत न बोललेली, म्हणाले, "फोडणी झकास रे, पण डाळ टाकायला विसरलास."

लोक हसले. निखिलने डोळे पुसले, माईक सावरला. "ताई, अप्पा निदान तिकीट काढून बोलायचे."

हॉल हसून लोळला. मीही हसले. अप्पांना मात्र यावर उत्तर तिथल्या तिथे सुचलं असतं.