जालन्याच्या गेम झोनमध्ये आत्याबाई

या उन्हाळ्यात आम्ही महाबळेश्वरला जाणार होतो. माझी दहा वर्षांची मुलगी ईश्वरी घरातल्या लोडावर बसून घोडेस्वारीची तालीमसुद्धा करायला लागली होती. पण होळीच्या आसपास माझ्या सासूबाई गोठ्यात घसरून पडल्या, उजव्या दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं आणि महाबळेश्वर राहून गेलं.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंचं माहेर मेंढरांमागे फिरणारं. लहानपणी त्यांनी अर्धा मराठवाडा पायी तुडवलाय. लग्न होऊन वडीगोद्रीला आल्या त्या शेतात उतरल्या, आणि आमची मोसंबीची बाग त्यांच्याच हातची. अशी बाई हात गळ्यात बांधून बसली. पुढे हाड जुळलं, डॉक्टरांनी झोळी काढली, व्यायाम करा म्हणून सांगितलं. पण आत्याबाई हात छातीपासून हलवेनात. डाव्या हातानं उजवा धरून, तान्हं लेकरू सांभाळावं तशा दिवसभर ओट्यावर बसायच्या. वेणीफणी मी करायची, जेवण डाव्या हातानं. व्यायामाचा विषय काढला की म्हणायच्या, आता कशापायी, झालं की समदं करून.

मे महिन्यात त्यांना तपासणीसाठी जालन्याला न्यायचं होतं. त्याच सुमारास ईश्वरीची एक मैत्रीण जालन्यातल्या गेम झोनमध्ये जाऊन आली आणि आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही. मग माझ्या नवऱ्यानं, संतोषनं, तोडगा काढला. दोन दिवस जालना. पहिल्या दिवशी दवाखाना, रात्री एसीच्या लॉजवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी गेम झोन. मी माझं शिलाईचं दुकान बंद ठेवलं आणि आमची सुट्टी सुरू झाली. जिल्ह्याबाहेर पाय न टाकता केलेली ही आमची पहिलीच सहल.

मे महिन्यात इकडे फिरायचं तर उजाडताच निघा. आम्ही आमच्या जुन्या व्हॅनमधून निघालो तेव्हा काच खाली केल्यावर वारा चक्क गार लागत होता. अंबड साधारण अर्ध्या वाटेवर येतं. तिथं टेकडीवरची मत्स्योदरी देवी चुकवू नका, पण नऊच्या आत चढून उतरा, नाहीतर पायऱ्यांवर तळवे भाजतात. आत्याबाई पायऱ्या माझ्याआधी चढल्या. पायांना काहीच झालेलं नव्हतं ना. देवीसमोर मात्र त्यांनी डावा हात कपाळाला लावला आणि उजवा पदराखाली ठेवला. दोन हात जोडल्याशिवाय त्यांना नमस्कार करताना मी तोवर पाहिलं नव्हतं. खाली उतरून बसस्टँडजवळ पोहे खाल्ले. शेव भरपूर, लिंबाची फोड मागून घ्यावी लागते, आणि चहा इतका गोड की ईश्वरीनं माझाही संपवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात हळूहळू वर उचलायला घेतला. छातीच्या उंचीपर्यंतही पोचला नाही तोच आत्याबाईंनी अशी किंकाळी फोडली की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. डॉक्टर आम्हाला म्हणाले, हाड ठणठणीत आहे, खांदा आखडलाय तो न वापरल्यामुळे. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर भूल देऊन हात मोकळा करावा लागेल, आणि एवढं करूनही यांनी वापरला नाही तर तो असाच राहील. आत्याबाई हे सगळं दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय अशा ऐकत होत्या.

संध्याकाळी मोती तलावाच्या काठी वारा खायला गेलो. भेळ घेतली. ईश्वरी बदकं शोधत होती. आत्याबाई व्हॅनमधून उतरल्याच नाहीत. संतोष त्यांच्याजवळ बसला, बराच वेळ समजावत राहिला. व्यायाम कर, रडलीस तरी चालंल, पण कर. तो लॉजवरही बोलतच होता, शेवटी चिडला. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या टायमाला मला घरीच ठिवा. तुमची सुट्टी नासून राह्यलीय माझ्यापायी." संतोष खाली जाऊन उगाच व्हॅनच्या काचा पुसत बसला. खरं सांगायचं तर मनातून मीही थकले होते.

दुसऱ्या दिवशी गेम झोन. आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. तो एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालू होती. अकराला उघडतो. शनिवार-रविवार टाळा, आम्ही मंगळवारी गेलो तर निम्मी यंत्रं रिकामी होती. काउंटरवर एक कार्ड मिळतं, त्यात पैसे भरायचे आणि प्रत्येक खेळाला ते यंत्रावर टेकवायचं. आम्ही पाचशे भरले, ते कुठं गेले कळलं नाही. आत चपला चालत नाहीत, मोजे लागतात, आणि तिथले मोजे महाग आहेत, तर घरून न्या. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आत्याबाईंच्या हिरव्या लुगड्याखाली भडक नारिंगी मोजे आले आणि ईश्वरी हसून हसून खाली बसली.

दार उघडलं की अंगावर गार हवा आणि आवाजाचा लोंढा येतो. निळा-जांभळा उजेड, प्रत्येक यंत्राचं वेगळं संगीत, कुठं मोटारसायकल गुरगुरतेय, कुठं बेडूक टणाटण उड्या मारतायत. आत्याबाईंनी एक कान झाकला आणि दाराजवळच्या बाकावर बसून घेतलं. मी बसते इथंच, चपलांकडं ध्यान ठिवते, असं म्हणाल्या. चपला कपाटात बंद होत्या.

आम्ही तिघं मात्र सुटलो. संतोष मोटारसायकलच्या खेळावर बसला आणि पहिल्याच वळणाला समुद्रात गेला. बागेत ट्रॅक्टर चालवणारा माणूस, पण तीनदा समुद्रात. मी हातोडीनं बेडूक ठोकायच्या यंत्रावर मनसोक्त हात चालवून घेतला. लग्नसराईतलं एकेक गिऱ्हाईक डोळ्यासमोर आणलं, म्हणून असेल, गुण बरे पडले.

मी परत बाकाकडं आले तेव्हा आत्याबाईंना सोबत मिळाली होती. त्यांच्याच वयाच्या एक बाई, पायात तसेच नारिंगी मोजे. परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या. नाव कौसाबाई. नातीला घेऊन मुलासोबत आल्या होत्या. गाव कोणतं, माहेर कुठलं, पाऊस कसा झाला, असं चाललं होतं. आत्याबाईंनी उजवा हात पदराखाली नीट लपवला होता. आजारपणाचं अवाक्षर काढलं नव्हतं.

तेवढ्यात ईश्वरी आणि कौसाबाईंची नात पळत आल्या. त्यांची एअर हॉकीवर दोस्ती झाली होती. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: गुळगुळीत टेबल, त्याला बारीक भोकं, भोकांतून हवा येते आणि त्या हवेवर प्लास्टिकची चपटी चकती तरंगते. हातात मुठीएवढा ठोकळा धरून ती टोलवायची आणि समोरच्याच्या बाजूच्या फटीत घालायची. पोरींना दोघी दोघींचा सामना हवा होता आणि जोडीला आपापली आजी.

कौसाबाई लगेच उठल्या, पदर खोचला. आत्याबाई नको म्हणाल्या. मीही मध्ये पडणार होते, त्यांचा हात, एवढं माझ्या ओठावर आलंही होतं. पण आत्याबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मागं सरकले. कौसाबाई टेबलापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बसा बसा. हरायला कुणाला आवडतं?"

आत्याबाई उठल्या.

पहिला डाव डाव्या हातानं खेळल्या. कौसाबाईंना वाटलं, या डावखुऱ्या असतील. काही दयामाया न करता त्यांनी चकती फटाफट आत घातली आणि प्रत्येक वेळी आत गेल्यावर दोन्ही हातांनी टेबल थोपटलं. ईश्वरी रडकुंडीला आली. दुसरा डाव सुरू झाला. चकती टेबलाच्या कडेला आपटून तिरपी वळली आणि आत्याबाईंच्या उजव्या बाजूनं फटीकडं निघाली. डावा हात तिथं पोचणारच नव्हता.

उजवा हात पदरातून बाहेर आला, टेबलावर पुढं सरकला आणि त्यांनी तळव्यानंच चकती दाबून धरली.

मी पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. डाव्या हातानं टेबलाची कड घट्ट धरली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. संतोष दुसऱ्या टोकाकडून धावत आला. मी खांद्याला हात लावायला गेले.

"सरक बाजूला," त्या म्हणाल्या. "खेळ चालू हाये."

मग त्यांनी ठोकळा उजव्या हातात घेतला. हात कोपरापासून टेबलावर टेकवलेला, जेमतेम वीतभर इकडं, वीतभर तिकडं. दात आवळून खेळत होत्या. कौसाबाईंनी हाताबद्दल काही विचारलं नाही; चकती अडली म्हणून त्यांना राग आला होता. तोही डाव आम्ही हरलो, आणि तिसराही. चौथ्यात ईश्वरीनं शेवटची चकती आत घातली तेव्हा आमच्या आज्जी-नात दोघी अशा काही ओरडल्या की काउंटरवरची मुलगी बघायला आली. संतोष कार्डात पैसे भरायला गेला, तो वळून भिंतीकडं तोंड करून जरा वेळ उभा राहिला.

खेळ संपल्यावर आत्याबाई कळवळल्या. तेव्हा कुठं कौसाबाईंना खरं समजलं. त्यांनी थंड पाण्याची बाटली मागवून स्वतः खांद्यावर धरली आणि आधी बोलायचं न्हाई का बाई, म्हणून रागावल्या. आधी कळलं असतं तर हळू खेळला असता ना तुम्ही, असं आत्याबाई म्हणाल्या. निघताना पोरींनी एकमेकींच्या आज्जींचे नंबर फोनमध्ये भरून दिले.

जेवण जालन्यातच केलं, शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी. तिखट आहे, ताक सोबत घ्याच. परतीचा रस्ता मात्र सोपा नव्हता. प्रत्येक खड्ड्याला आत्याबाई विव्हळत होत्या आणि पोरीच्या नादानं म्हातारीला मारलं म्हणून आम्हाला बोलत होत्या. मला धास्ती वाटायला लागली, आपण होतं तेही बिघडवलं की काय. अंबडला मोसंबीचा रस प्यायला थांबलो तिथून संतोषनं डॉक्टरांना फोन लावला. ते विचारत होते, नेमकं काय केलं त्यांनी? एअर हॉकी, असं संतोषनं सांगितलं. मग त्यांनी पुन्हा विचारलं आणि संतोषनं पुन्हा सांगितलं. सूज नसेल तर घाबरू नका, म्हणाले, आणि थांबवू तर बिलकुल नका.

घरी आल्यावर एक अख्खा दिवस आत्याबाई अंथरुणातच होत्या. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आले तर पडवीतल्या फरशीवर त्या आणि ईश्वरी समोरासमोर बसलेल्या, मध्ये पिठाच्या डब्याचं झाकण. ते एकमेकींकडं सरकवणं चाललं होतं. उजव्या हातानं. मी स्वयंपाकघरात गेले आणि मुद्दाम भांडी वाजवत राहिले. रविवारी आष्टीहून फोन आला. ख्यालीखुशाली न विचारता कौसाबाईंनी पहिला प्रश्न केला, हात कुठवर गेला? त्यानंतर दर रविवारी हाच प्रश्न आला, आणि उत्तर देता यावं म्हणून आमच्याकडं शनिवारी जोरात सराव व्हायला लागला.

पंधरा दिवसांनी दवाखान्यात हात कानाच्या पाळीपर्यंत पोचला. भूल द्यावी लागली नाही. पूर्ण सरळ वर अजून जात नाही, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. गेम झोनविषयी विचाराल तर जाच, मुलांना आवडेल. फार लांबून मात्र तेवढ्यासाठी येऊ नका. आवाज पुष्कळ आहे, पैसे भराभर जातात, आणि बाहुली उचलणाऱ्या यंत्राच्या नादी लागू नका. महाबळेश्वर पुढच्या वर्षी बघू.

मध्ये एकदा दुपारी मी आत्याबाईंना विचारलंच. आम्ही इतके दिवस सांगत होतो, डॉक्टर सांगत होते, मग तिथंच कसा काय हात निघाला?

"तुम्ही समदे हाताचंच बोलायचे," त्या म्हणाल्या. "त्या बाईला हाताचं ठावूकच नव्हतं. तिला फकस्त मला हरवायचं व्हतं."

एवढं बोलून त्या वाळलेले कपडे काढायला अंगणात गेल्या. दोरी उंच बांधलेली आहे. मी मागं गेले नाही.