घोडीच्या शेपटीचे केस

लेक तिच्या आजोबांच्या किंगरीच्या तारांवर फिरवायच्या गजाच्या केसांवर राळ घासत बसली होती. त्या वासानं मी थेट माझ्या लग्नात पोचले.

नवरदेव घोडीवरून मांडवाच्या दारात आलेला. बाबा किंगरीवर कुळाचं गाणं वाजवत होते आणि गजाचे केस तुटले. गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न लागत नाही, अशी आमची रीत.

बाबांनी घोडीची शेपटी धरली. "जावईबापू, घट्ट बसा!"

घोडी उसळली, नवरदेव तिच्या मानेला बिलगला, पण केस बाबांच्या मुठीत आले; ते गजाला बांधून त्यांनी गाणं पुरं केलं. तेव्हा मी लाजेनं मान खाली घातली होती. आज हसू आवरेना.

"काहून हासून राह्यली, आई?"

मी सांगितलं. पुढच्या महिन्यात तिचं लग्न, गाणं तीच वाजवणार. तिनं लगेच होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

"कार नोका आणू. घोडी आणा, लांब शेपटीची."