विहीणबाईंसमोर मारलेला सूर

टेलरकाकूंना पोहता येतं, हे त्यांच्या पोटच्या मुलीलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होणार तरी कसं? लग्न झालं, एका खोलीत संसार मांडला, पदरात मूल असतानाच नवरा गेला आणि काकूंनी खोलीच्या पुढच्या भागात शिलाई मशीन टाकलं. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, कुणाची चेन बदल, कुणाची पँट आखूड कर. त्यातच मुलगी शिकली, परदेशी नोकरीला गेली. या सगळ्यात काकूंच्या वाट्याला आलेलं पाणी बादलीच्या वर कधी चढलं नाही. माहेरच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं त्या स्वतःच जवळजवळ विसरल्या होत्या.

मुलीनं आणि जावयानं या वर्षी दोन्ही आयांना एकदमच बोलावून घेतलं. विहीणबाई बँकेत मॅनेजर होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज केबिनमधलाच राहिला होता. त्यांच्यासमोर काकू ताठ बसायच्या, भूक असली तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या नाहीत आणि प्रत्येक गोष्टीला "हो ना" म्हणायच्या.

एके सकाळी मुलीनं दोघींना गाडीत घातलं आणि गावाबाहेरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर आणून सोडलं.

"आई, दिवसभर मजा कर. अहो आई, तुम्हीपण. संध्याकाळी येते न्यायला," असं म्हणून ती ऑफिसला पळाली.

आत सगळं चकाचक. मनगटावर रबरी पट्टी बांधून मिळाली. ती लॉकरला टेकवली की दार टक्कन उघडायचं. काकूंनी दोनदा उगीचच उघडून बघितलं. मुलीनं घेतलेला पोहण्याचा पोशाख त्यांनी घरीच बाह्या जोडून गुडघ्यापर्यंत लांबवून घेतला होता. तरीही आरशात बघताना त्यांना आपलंच हसू आलं.

काचेचं दार ढकललं आणि गार वारा अंगावर आला. समोर उघड्यावर निळंशार कुंड, वर वाफेचे लोट, वाफेत बुडालेली माणसांची डोकी. काकूंची पावलं आपोआप कडेपर्यंत गेली, गुडघे वाकले, हात डोक्यावर जुळले आणि काय होतंय हे कळायच्या आत काकूंनी सूर मारला!

गरम पाण्यानं त्यांना अल्लद आत घेतलं. कानात बुडबुडे, डोळ्यांपुढे निळा उजेड. हात पसरले, पाय मारले. सगळं जसंच्या तसं आठवत होतं! मशीनवर कुरकुरणारे गुडघे इथे कुठे गेले कोण जाणे. पलीकडच्या काठाला हात लावून त्या वर आल्या, तेव्हा कर्णकर्कश शिट्टी वाजत होती.

देखरेखीचा उंचाडा माणूस भराभरा चालत आला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवत बोलू लागला. पाटीवर सूर मारणाऱ्या माणसाचं चित्र होतं आणि त्यावर लाल काट. काकूंचा चेहरा पडला. आता बाहेर काढतात की काय! तेही विहीणबाईंच्या देखत!

पण विहीणबाई कुंडाला वळसा घालून दणादण पावलं टाकत आल्या. "चुकलं त्यांचं. पाटी दिसली नाही," त्या इंग्रजीत ठणकावून म्हणाल्या. "पण सूर कसा मारला ते पाहिलंत ना तुम्ही?"

तो माणूस क्षणभर गोंधळला. मग हसला, अंगठा दाखवला आणि शिट्टी खिशात टाकून निघून गेला.

"अहो, या ना तुम्हीपण!" काकू पाण्यातून ओरडल्या. विहीणबाईंना अशी हाक त्यांनी कधी मारली नव्हती.

विहीणबाई कठड्याला घट्ट धरून उभ्या राहिल्या. केबिनमधला आवाज एकदम बारीक झाला. "मला पाण्याची भीती वाटते हो. लहानपणी बुडता बुडता वाचले. मुलालासुद्धा सांगितलं नाही कधी."

काकू पायऱ्यांपाशी आल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "इथे कमरेएवढंच आहे. मी आहे ना! माझ्याकडे बघा, पाण्याकडे नको."

एक पायरी, मग दुसरी. गरम पाणी पोटऱ्यांना लागलं तशी विहीणबाई "आई गं!" म्हणाल्या, आणि तो सुखाचा सुस्कारा होता. दुपारपर्यंत त्या काकूंच्या तळहातांवर पाठ टेकून आडव्या झाल्या होत्या.

"सोडू नका हं! शपथ आहे!"

"नाही सोडत. मान सैल करा. आणखी. अहो, मान आहे ती, तिजोरी नव्हे!"

विहीणबाई एवढ्या खदखदून हसल्या की नाकातोंडात पाणी गेलं. काकूंनी पाठ थोपटली आणि पुन्हा पहिल्यापासून धडा सुरू झाला. मधे दोघींनी कुंडाशेजारच्या बाकावर पंचे गुंडाळून सूप प्यायलं. काकूंनी दुसरा वाडगा स्वतःहून मागितला.

संध्याकाळी मुलगी काठावर येऊन उभी राहिली. वाफेतून दोन ओळखीची डोकी दिसली. एक झपझप पोहत होतं, दुसरं हात मारत कसंबसं मागोमाग येत होतं.

"आई? तू पोहतेस?" ती किंचाळलीच. "अहो आई, तुम्ही?"

"कपडे बदलून येतो गं," विहीणबाई धापा टाकत म्हणाल्या, "पण आधी मला एकदा त्या काठापर्यंत जाऊ दे. विहीणबाई, चला!"