शेवटचे दृश्य

दुपारी दूरचित्रवाणीवर एक जुना कृष्णधवल चित्रपट लागला होता. आईने काबाडकष्ट करून वाढवलेला मुलगा शिकून शहरात जातो आणि तिला विसरतो, एवढीच त्याची कथा. माझी नव्वदीची आई शेजारच्या खुर्चीत बसून तो ऐकत होती; तिची दृष्टी आता गेली आहे. संवाद थांबले की ती विचारी, “आता काय झालं रे?”

दोनतीनदा मी सांगितले. मग म्हणालो, “आई, जरा पाहू दे ना मला!”

“बघ हो बाबा, बघ,” ती म्हणाली.

देवळात पुराण सांगताना एखाद्या श्रोत्याला अर्थ उमगला नाही, तर मी तोच श्लोक पुन्हा पुन्हा उलगडतो. परक्यांसाठी वाणीला लाभणारा हा धीर घरच्या उंबऱ्याशी का संपावा? पडद्यावरच्या कृतघ्न मुलाचा मला संताप येत होता, आणि माझी आई माझ्याच शेजारी अंधारात एकटी बसली होती.

शेवटचे दृश्य निःशब्द होते. मुलगा परत आला होता आणि केवळ सारंगी वाजत होती.

“भेटला का रे तिला?” आईने भीत भीत विचारले.

मी उठलो आणि त्या मुलाने केले तेच केले. तिच्या पावलांवर मस्तक ठेवले. तिचा हात चाचपडत माझ्या केसांवर आला, मग ओल्या गालावर थांबला.

“भेटला म्हणायचा,” ती म्हणाली. “फार उशीर केलान् मेल्यानं.”