सासऱ्यांनी माझ्या मुठीचं माप घेतलं

माझे सासरे माझा खून करणार होते. निदान त्या उन्हाळ्यात काही दिवस मी तसं धरूनच चाललो होतो आणि आंघोळीला जाताना दाराला कडी लावत होतो. (कडी सगळेच लावतात, असं मंगलचं म्हणणं. पण मी कडी लावून वर भरलेली बादलीही टेकवत होतो.)

मंगल ही माझी बायको, आणि सासरे म्हणजे शिवलिंगप्पा. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. निलंग्यात त्यांची लाकूड कापायची गिरणी होती. ती विकून ते घरी बसले, बसल्या बसल्या मोतीबिंदू पिकला, आणि ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे लातूरला आले. ऑपरेशन झकास झालं. जाळाधुराजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि मंगलनं ते रोज सकाळ-संध्याकाळ बजावलं. अप्पांनी मान डोलावली. अप्पा तोंडापेक्षा मान जास्त वापरतात. आमच्या लग्नापासून ते माझ्याशी जेवढं बोलले असतील, त्यापेक्षा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येणारी क्लासची पोरं नोट्सची एक प्रत काढताना जास्त बोलतात.

तर असा हा माणूस नव्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायला लागला. मी पोहे खायला बसलो की ते समोर बसत आणि माझ्या हातांकडे बघत. पोह्यांकडे नाही, हातांकडे. एके दिवशी देवघरातला दोरा घेऊन आले आणि म्हणाले, "जावई, मूठ करा बरं."

मी मूठ केली. त्यांनी तिच्याभोवती दोरा गुंडाळला, गाठ मारली, दोरा खिशात टाकला आणि निघून गेले. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "काही न्हाई. असंच."

आता सांगा, सासरा जावयाच्या मुठीचं माप 'असंच' घेतो का? मी रोज रात्री जेवताना टीव्हीवर गुन्ह्यांची मालिका बघतो. तिच्यात गुन्हेगार नेहमी घरातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस निघतो.

मग चप्पल शोधताना त्यांच्या खाटेखाली मला एक पोतं सापडलं. आत करवतीच्या पात्याचे तुकडे. दातेरी, घासूनपुसून लख्ख केलेले. सोबत टाकणखाराची पुडी आणि तपकिरी पाण्याची एक बाटली. माझ्या दुकानाशेजारी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा आहे. त्याला बाटली दाखवली तर तो म्हणाला, जपून, हे तांबं खातंय. जे तांबं खातंय त्याला झेरॉक्सवाला किती वेळ पुरणार, हा विचार मी त्याला बोलून दाखवला नाही. बाटली होती तिथे ठेवून दिली.

त्याच आठवड्यात करडीच्या तेलाचा डबा रिकामा झाला. अप्पा रोज दुपारी मठात प्रवचनाला जातो म्हणून रिक्षानं जात आणि परत येताना अंगाला कोळशाच्या धुराचा वास येई. एकदा सदऱ्याच्या बाहीला भोकं दिसली. उदबत्तीची ठिणगी, असं त्यांनी मंगलला सांगितलं. एवढी उदबत्ती कुठल्या मठात लावतात? आणि एकदा मी त्यांच्या मागून मोबाइलमध्ये डोकावलो. आवाज बंद होता. पडद्यावर एक दाढीवाला माणूस लालभडक पातं तेलात बुडवत होता आणि अप्पा हसत होते. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होतो.

मी मंगलला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "तुमचा खून करून त्यांना काय मिळणार हाय?"

मी बराच विचार केला. खरंच काही मिळण्यासारखं नव्हतं. त्याचं वाईट वाटलं ते वेगळंच.

शेवटी मी साडूला फोन लावला. बसवराज उदगीरला असतो, त्याचं मिठाईचं दुकान आहे. हा अप्पांचा लाडका जावई. सणासुदीला तो अप्पांना पेढ्यांची पेटी पाठवतो. मी आजवर त्यांना काय दिलं? त्यांच्याच आधार कार्डाच्या झेरॉक्स. तेव्हा तो मला हसेल, असं वाटलं होतं. पण तो हळूच म्हणाला की परवा अप्पांचा फोन आला होता आणि तू कापाकापी उजव्या हातानं करतोस का डाव्या, असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

म्हणजे नंबर दोघांचाही होता. कारणही बसवराजनंच शोधून काढलं. "दोघं बी गेलो की दोघी पोरी माहेरी येऊन राहतेत. म्हाताऱ्याला करमंना झालंय, दादा."

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं आला. दुपारी अप्पांची रिक्षा निघाली, तसे आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर मागे. (बसवराजचा देह मिठाईवाल्याला शोभेल असा आहे. स्कूटरचं पुढचं चाक जमिनीला केवळ सवयीनं टेकत होतं.) रिक्षा मठ ओलांडून पुढे गेली, गंजगोलाईची बाजारपेठ मागे पडली आणि एका पत्र्याच्या शेडपाशी थांबली. तिथे मेहबूबभाई लोहार खुरपी, विळे, कुऱ्हाडी करतात.

आम्ही दारातच स्कूटर लावली आणि आत डोकावलो. अप्पा अंगात बनियन, डोक्याला टॉवेल, डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा, हातात घण. मेहबूबभाईंच्या सांडशीत पिवळाधम्मक तापलेला लोखंडाचा ठोकळा. घण पडला की ठिणग्या दारापर्यंत येत होत्या. शांतपणे बोलायचं, असं आमचं ठरलं होतं. तेवढ्यात अप्पांनी घण वर उचलला आणि नेमकं आमच्याकडे पाहिलं. बसवराजनं मला दोन्ही खांद्यांना धरून स्वतःपुढे घेतलं. माझ्या तोंडून निघालं, "अप्पा, मी तुमच्या लेकीला आजवर एका शब्दानं दुखवलं न्हाई!"

मेहबूबभाई दचकले. सांडशी सैल झाली, घण ठोकळ्याच्या कडेला बसला, ठोकळा उडाला, उंबऱ्यावर आपटला आणि माझ्या स्कूटरच्या सीटवर जाऊन विसावला. सीटनं लगेच पेट घेतला. बसवराज धावला, कोपऱ्यातली बादली उचलली आणि सीटवर रिकामी केली. त्या बादलीत आमचं करडीचं तेल होतं.

त्या भडक्यात माझी डावी भुवई गेली. मेहबूबभाईंनी घमेल्यानं माती टाकून आग विझवली आणि एवढंच म्हणाले, "शादी का घर समझे क्या, मेहमान पे मेहमान?" सीटच्या जागी आता काळ्या स्प्रिंगा होत्या. अप्पांनी तोवर सांडशीनं राखेतून ठोकळा उचलून उलटासुलटा बघितला होता. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच मला दुःख दिसलं. "थंड पडला," ते म्हणाले. "सांधा सुटला."

मग ते ऐरणीशेजारी बसले आणि चष्मा काढून आयुष्यात कधी बोलले नव्हते इतकं बोलले. गिरणी विकली तेव्हा सगळं गेलं, फक्त करवतीच्या जुन्या पट्ट्या त्यांना भंगारात घालवेनात. जन्मभर त्या पट्ट्यांनीच घर चालवलं होतं. मग मोबाइलवर बघितलं की करवतीची पट्टी आणि जीपच्या कमानीचा पाटा असे थरावर थर रचून, टाकणखार टाकून तापवून ठोकले की एकजीव होतात आणि शेवटी त्या तपकिरी पाण्यात बुडवले की पात्यावर नक्षी उमटते. बसवराजचं नवं दुकान उघडणार होतं. तिथं बर्फी कापायला आपल्या हातचा चाकू द्यायचा, असं त्यांच्या मनात आलं. मंगलला कळलं तर डोळ्यांपायी येऊ देणार नाही, म्हणून मठ. आणि बसवराजला आधी कळू नये, म्हणून सगळी चोरी.

"मग मूठ माझी कामून मोजली?" मी विचारलं.

"दोघांची मूठ सारखीच हाय," अप्पा म्हणाले. "ते उदगीरला. तुम्ही रिकामेच होता."

म्हणजे या सगळ्या कटात मी बळी नव्हतो, संशयित नव्हतो, साधा साक्षीदारही नव्हतो. मी मोजपट्टी होतो.

घरी मंगलनं आधी अप्पांना डॉक्टरकडे नेलं. डोळे ठणठणीत निघाले. आलोच आहोत तर बघा, असं मी म्हटल्यावर डॉक्टरांनी माझ्या भुवईला मलम दिलं. नंतर चाकू पुन्हा पहिल्यापासून झाला, पण मंगलच्या देखरेखीखाली. ती लोहाराच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसे आणि अप्पांना जाळापासून हातभर मागे ओढत राही. घण मेहबूबभाई मारत. अप्पा लांबून मान डोलावत.

चाकू झाला मात्र देखणा. मूठ शिसवीची, आणि पात्यावर करड्या-पांढऱ्या रेघा, रंधा मारलेल्या फळीवर दिसतात ना, अगदी तशा. ज्या पट्ट्यांनी जन्मभर लाकूड कापलं, त्यांच्यावरच लाकडाचे रेषे उमटलेले. अप्पांनी तो उदगीरच्या नव्या दुकानात बसवराजच्या हातात दिला, तेव्हा त्यांचे नवे डोळे भरून आले होते. बसवराजनं एका हातानं बर्फीचा अख्खा ट्रे कापला. चाकू त्याच्या मुठीत फिट बसला, हे मी उगाच सगळ्यांना सांगत होतो.

तेवढ्यात मंगलनं सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या संशयाची हकीकत काढली, बादलीसकट. लोक हसून हसून बर्फी खाली सांडायला लागले. हसणं ओसरल्यावर अप्पा म्हणाले, "तुमाला संपवायचंच असतं जावई, तर एवढा जाळ कशाला केला असता? लेक दिली हाय की."

मंगलनं ताज्या बर्फीची एक वडी उचलली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "हाव. चालूच हाय की काम."

मी तिच्याकडे बघितलं, वडीकडे बघितलं, आणि अर्धी मोडून आधी साडूच्या तोंडात घातली.