लंडन ते मुंबई, नऊ गाठी

वारंगा फाट्यावर पंक्चर काढणारे घंटेमामा आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत. पण जगातले कुठलेही दोन विमानतळ सांगा, मधलं अंतर आणि लागणारे घंटे ते बसल्याजागी सांगायचे, आणि ते बराबर निघायचे. शाळेने टाकून दिलेला पृथ्वीगोल त्यांच्या टायरांच्या ढिगावर असायचा. त्यावर दोरा ताणायचा, बोटांनी मोजायचा की झालं. गोलावरचा ऑस्ट्रेलिया पार घासून गेला होता. "तिकडं जाऊ नका बा," म्हणायचे, "मला मोजता येत न्हाई."

परदेशातून गावचं कुणी यायला निघालं की मामा सुतळीला तासाला एक अशा गाठी मारून ती खिळ्याला टांगत. विमान उडालं की दर तासाला एक गाठ सोडत. शेवटची सुटली की "उतरलो" असा फोन यायचाच. माझं शेजारी झेरॉक्सचं दुकान. मी पडलो शिकलेला, त्यांची टर उडवायचो. "मामा, विमान पायलट चालवतो."

"व्हय की. पन उतरवतं कोन?"

असं म्हणताना ते हसत नसत. मला ते मुळीच आवडायचं नाही.

माझी धाकटी बहीण सुमन लंडनला नर्स आहे. तीन वर्षांनी घरी येणार होती. मामांनी दोरा ताणला. "सात हजार दोनशे किलोमीटर. जाताना साडेनऊ घंटे, येताना नऊ. वारं पाठीशी असतं. तू फिकीर नको करू, सुमी माझंच लेकरू हाय."

विमान आपल्याकडच्या पहाटे चारला उडालं. दुपारी बाराला मामांनी आठवी गाठ सोडली, पाणी मागितलं, भिंतीला टेकले आणि गेले. तांब्या माझ्याच हातात होता. मामी धावत आल्या, फाट्यावरची माणसं जमली, आणि त्या रडारडीत सुमन माझ्या डोक्यातून पार गेली.

आठवली तेव्हा दोन वाजत आले होते. एकला उतरायला हवी होती. तिचा फोन बंद. मोबाइलवर पाहिलं, तर विमानाचं चिन्ह मुंबईच्या अलीकडे गोल गोल फिरत होतं. वर बघितलं. खिळ्याला सुतळी, सुतळीला एक गाठ.

मामांच्या उशाशी बसलेल्या मामी म्हणाल्या, "काहून बघून राहिलास? सोड ती. त्यांचं काम अर्धं ठेवू नको."

गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडली.

पंधरा-वीस मिनिटांनी फोन वाजला. "दादा, उतरले रे! तासभर वरच घिरट्या घालून राहिलो होतो, काहून ते कुणी सांगंना. मामाला सांग, बसला असंल बिचारा."

याला दोन वर्षं झाली. पृथ्वीगोल आता माझ्या झेरॉक्स मशीनवर असतो. गिऱ्हाइकं टर उडवतात, मी हसत नाही. उद्या पहाटे सुमन पुन्हा निघतेय. नऊ गाठी मारून झाल्यात. मामींना बोलावून ठेवलंय, आणि बजावलंय, "मी पाणी मागितलं, तर माझ्याकडं बघू नका. आधी गाठी हातात घ्या."